साखरेच्या आकड्यामागचे कारण शोधणारे डॉ. जेरोम कॉन

नोव्हायहून मोटारीने साधारण अर्ध्या तासात ॲन आर्बर गाठता येते. तेथील मिशिगन विद्यापीठ या परिसरातील मराठी कुटुंबांच्या चांगल्या परिचयाचे आहे. कोणाची मुले तेथे शिकतात, तर कोणाचे उपचार तेथील रुग्णालयात चालतात. याच संस्थेत डॉ. जेरोम कॉन यांची सारी कारकीर्द गेली. उच्च रक्तदाबाच्या एका विशिष्ट विकाराला 'कॉन सिंड्रोम' असे नाव मिळाल्याने जगभरचे डॉक्टर त्यांना ओळखतात. परंतु त्यांच्या संशोधनाचा आरंभ मधुमेहापासून झाला होता, आणि घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मधुमेह असलेल्या आपल्या समाजाला तो भाग अधिक जवळचा आहे.

कॉन यांचा जन्म 1907 साली न्यूयॉर्क येथे झाला. रटगर्स येथे तीन वर्षे शिकून 1928 मध्ये ते मिशिगनच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. पुढच्याच वर्षी महामंदीची लाट आली. शिक्षण थांबण्याची वेळ आली असता बहिणींनी आपल्या कमाईतून हातभार लावला आणि 1932 मध्ये ते डॉक्टर झाले. त्याच सुमारास सहाध्यायी एलिझाबेथ स्टर्न यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आरंभी त्यांचा ओढा शल्यचिकित्सेकडे होता. पण लवकरच ते अंतर्गत वैद्यकाकडे वळले आणि डॉ. लुई न्यूबर्ग यांच्या चयापचय संशोधन विभागात काम करू लागले.

न्यूबर्ग यांच्या विभागाची पद्धत कष्टाची होती. रुग्णाने काय खाल्ले, शरीरातून काय बाहेर पडले, वजन किती घटले, याचा रोजचा चोख हिशोब ठेवला जाई. या हिशोबातून 1939 साली दोघांनी एक वेगळा निष्कर्ष मांडला. मध्यमवयीन, स्थूल व्यक्तींच्या रक्तात वाढलेली साखर हा नेहमीच्या अर्थाने मधुमेह नसून पुष्कळदा वाढलेल्या वजनाचा परिणाम असतो, असे त्यांचे म्हणणे होते. वजन पूर्ववत झाल्यावर अशा बहुतेक रुग्णांची साखरेची चाचणी सामान्य आली होती. इन्सुलिन हाती येऊन तेव्हा जेमतेम सतरा वर्षे झाली होती. एकदा जडलेला मधुमेह जन्मभराचा, अशी सर्वसाधारण समजूत असण्याच्या काळात हा विचार फारसा रुजला नाही. ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत वजन घटवणाऱ्या जवळजवळ निम्म्या रुग्णांचा मधुमेह वर्षभरात औषधांविना आटोक्यात आल्याचे 2017 च्या अखेरीस जाहीर झाले, तेव्हा कोठे या प्रश्नाकडे जगाचे पुन्हा लक्ष वेधले गेले.

1940 मध्ये कॉन यांनी साखरेच्या चाचणीतील एक उणीव दाखवून दिली. चाचणीआधी काही दिवस पिष्टमय पदार्थ फार कमी खाल्ले असतील, तर निरोगी माणसाची चाचणीही सदोष येऊ शकते. म्हणून आधीचे तीन दिवस ठरावीक आहार द्यावा, असा आग्रह त्यांनी धरला. उपास करून किंवा पोळी-भात सोडून चाचणीला जाणाऱ्यांनी आजही ध्यानी ठेवावी अशी ही बाब आहे.

1943 मध्ये अंतःस्रावी ग्रंथींच्या विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. महायुद्धात उष्ण प्रदेशात लढणाऱ्या सैनिकांची शरीरे उकाड्याला कशी सरावतात, याचा अभ्यास त्यांनी केला. सरावलेल्या माणसाच्या घामातून मीठ कमी जाते आणि यामागे अधिवृक्क ग्रंथी असते, असे त्यांच्या ध्यानी आले. या ग्रंथीतील अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक 1953 मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे झाले, तेव्हा ते ओळखण्याची कॉन यांची तयारी आधीच झालेली होती.

1954 मध्ये 34 वर्षांची एक स्त्री त्यांच्याकडे आली. सात वर्षे तिचे स्नायू आखडत, अधूनमधून हातपाय लुळे पडत, शिवाय रक्तदाब वाढलेला. रक्तात पोटॅशियम अतिशय कमी होते. कॉन यांनी तिला दीर्घकाळ विभागात ठेवून घाम, लाळ, मूत्र यांतील क्षारांची मोजदाद केली आणि अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन बेसुमार स्रवत असली पाहिजे, असे अनुमान काढले. ऑक्टोबरमध्ये शिकागोच्या परिषदेत अध्यक्षीय भाषणातून त्यांनी हा नवा विकार मांडला. शस्त्रक्रिया अजून व्हायची होती. निदान चुकले असते तर तेही जाहीरपणेच. दोन्ही ग्रंथी काढण्याची तयारी होती, म्हणजे तिला पुढे आयुष्यभर औषधांवर जगावे लागले असते. डिसेंबरमध्ये शल्यविशारदांना उजव्या ग्रंथीवर गाठ आढळली. तेवढीच काढल्यावर तिचे क्षार आणि रक्तदाब पूर्वपदावर आले.

मधुमेहाचे कामही सुटले नाही. जर्मनीत जन्मलेले सहकारी डॉ. स्टीफन फायन्स यांच्यासह त्यांनी मधुमेहींच्या नातेवाइकांना कॉर्टिसोन देऊन चाचण्या घेतल्या आणि पुढे कोणाला मधुमेह होण्याचा संभव आहे, हे आधी ओळखण्याचा मार्ग शोधला. पुढे फायन्स यांच्या कुटुंबनिहाय अभ्यासातून तरुणपणी दिसणारा एक आनुवंशिक मधुमेह स्वतंत्रपणे ओळखला गेला. पोटॅशियम घटले की इन्सुलिनचा स्राव मंदावून साखर बिघडू शकते, हा दुवा कॉन यांनी 1965 मध्ये मांडला. ज्येष्ठमधाच्या गोळ्यांचा अतिरेक केल्यास कॉन सिंड्रोमसारखीच लक्षणे उद्भवतात, हेही त्यांच्या चमूने 1968 मध्ये नोंदवले.

रक्तदाबाच्या पाचांतील एका रुग्णामागे अल्डोस्टेरॉन असू शकते, हा त्यांचा अंदाज समकालीनांनी अतिशयोक्त ठरवला. हा विकार क्वचित आढळतो, असेच पुढे कित्येक वर्षे शिकवले गेले. 1994 मध्ये कॉन निवर्तले. त्यानंतर सोप्या रक्तचाचण्यांचा वापर वाढला आणि हा विकार मानला गेला त्याहून कितीतरी अधिक आढळतो, हे स्पष्ट झाले. तरीही अनेक रुग्णांची ही तपासणी अद्याप होतच नाही. औषधे घेऊनही रक्तदाब उतरत नसेल किंवा पोटॅशियम वारंवार कमी येत असेल, तर अल्डोस्टेरॉनची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.