पॅट्रिक गेडिस यांचा अर्धवट राहिलेला धडा

गिरगावातील खोताच्या वाडीत शिरणाऱ्या माणसाला पहिल्या दहा-वीस पावलांतच आपण मुंबई सोडून कोठल्या तरी किनाऱ्यावरच्या गावात आलो असे वाटू लागते. अरुंद बोळ, उतरत्या छपरांची जुनी घरे, बाहेरून चढणारे लाकडी जिने, ओसरीवर बसलेले वृद्ध, मध्येच एखादा क्रूस. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका पाठारे प्रभू खोताच्या जमिनीवर ही वस्ती उभी राहिली आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी येथे घरे बांधली. अनंताश्रमातील जेवणासाठी सारस्वतांपासून कापडबाजारातल्या कारकुनांपर्यंत सगळे येथे येत. ती खानावळ आता बंद झाली. एके काळी पासष्टच्या आसपास असलेल्या जुन्या घरांपैकी आज निम्मीही उरलेली नाहीत.

काही वर्षांपूर्वी अर्थशास्त्राच्या पदवीवर्गातील विद्यार्थ्यांना घेऊन मी या वाडीत गेलो होतो. प्रत्येकाच्या हाती मी तयार केलेली छापील प्रश्नावली होती. दोन तासांत सर्व रकाने भरले गेले. परत आल्यावर मी विचारले, की कोपऱ्यावरच्या त्या घराचा जिना मोडका का आहे? कोणालाच सांगता येईना. भाडेनियंत्रणाची आकृती त्यांना फळ्यावर बिनचूक काढता येत होती. 1940 च्या पातळीला गोठवलेले भाडे, त्यामुळे दुरुस्ती न परवडणारा मालक आणि जिना आपला नव्हे म्हणून हात न लावणारा भाडेकरू, ही तीन माणसे मात्र त्यांना दिसली नव्हती. दोष विद्यार्थ्यांचा नव्हता. मला स्वतःलाच कोणी कधी पाहायला शिकवले नव्हते. जे मला येत नव्हते ते मी शिकवायला निघालो होतो.

अनुभवातून शिक्षण हा शब्द आज प्रत्येक परिपत्रकात आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प, प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळाले. हे स्वागतार्हच आहे. परंतु विद्यार्थ्याला वर्गाबाहेर न्यावयाचे तर नेणाऱ्या प्राध्यापकाची तयारी कोण करून घेणार, हा प्रश्न राहतोच. त्याचे उत्तर शोधू लागल्यावर एका विलक्षण माणसाच्या चरित्राशी येऊन थांबावे लागते. शंभर वर्षांपूर्वी हा माणूस मुंबई विद्यापीठातच प्राध्यापक होता.

बँकेतून बागेकडे

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1854 रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर येथे झाला. बालपण पर्थ गावी गेले. वडील सैन्यातून निवृत्त झालेले. मुलाला त्यांनी बागकाम शिकवले, आणि गेडिस यांची पहिली शाळा खऱ्या अर्थाने तीच. पुढे वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी दीड वर्ष बँकेत उमेदवारी केली. हिशेबाच्या वह्यांत मन रमेना, म्हणून वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी ते एडिंबरो विद्यापीठात दाखल झाले आणि आठवड्याभरातच बाहेर पडले. जिवंत वनस्पतीपेक्षा तिच्या वाळलेल्या तुकड्यांचा अभ्यास तेथे अधिक होतो, असे त्यांना वाटले. नंतर लंडनला जाऊन ते टॉमस हक्सले यांचे शिष्य झाले. ज्या माणसाने पुढे दोन विद्यापीठांत अध्यासने भूषविली, त्याने स्वतः रीतसर परीक्षा देऊन एकही पदवी मिळविली नाही.

1879 मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोत गेले असता त्यांची दृष्टी काही काळ गेली. सूक्ष्मदर्शकावर उभे आयुष्य काढू पाहणाऱ्या तरुणावर हा वज्राघातच होता. अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर पट्टी बांधून पडले असताना खिडकीच्या तावदानांच्या चौकटी ते बोटांनी चाचपीत. त्या चौकटींवरून त्यांना कागदाला घड्या घालून विचारांची मांडणी करण्याची युक्ती सुचली. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शक कायमचा दुरावला. मग सबंध शहर आणि सबंध समाज हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ल प्ले यांच्यापासून घेतलेली स्थळ, काम आणि लोक ही त्रयी त्यांच्या विचाराचा पाया बनली. माणसे कोठे राहतात, काय करून जगतात आणि त्यांतून त्यांचा समाज कसा घडतो, हे एकमेकांपासून तोडून पाहता येत नाही, हा तिचा आशय.

अध्यापकांचे संमेलन

1886 मध्ये त्यांचा विवाह ॲना मॉर्टन यांच्याशी झाला. नवदांपत्याने बिऱ्हाड थाटले ते एडिंबरोच्या जुन्या भागातील एका दाटीच्या, पडक्या चाळवजा इमारतीत. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी भिंती रंगविल्या, खिडक्यांत झाडे लावली, राहण्यायोग्य घरे वाचविली आणि जी वाचणे शक्य नव्हते तेवढीच पाडली. नगररचनेत जपणारी शस्त्रक्रिया म्हणून पुढे जी पद्धत प्रसिद्ध पावली, तिचा पहिला प्रयोग असा स्वतःच्या दारात झाला. गरिबांच्या वस्तीवर व्याख्यान देण्यापूर्वी गेडिस त्या वस्तीत राहावयास गेले, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

1887 पासून दहा-बारा वर्षे ते एडिंबरोत उन्हाळी संमेलने भरवीत. त्यांना येणाऱ्यांत शिक्षकांचा भरणा मोठा असे. सकाळी व्याख्याने होत आणि दुपारी सर्वजण डोंगर, समुद्रकिनारा, जुन्या वस्त्या पाहावयास बाहेर पडत. सकाळी ऐकलेले दुपारी ताडून पाहावयाचे, अशी योजना होती. शिकविणारा येथे पुन्हा विद्यार्थी होई, त्याचे बूट चिखलाने माखत, त्याच्या वहीत चुका होत. अध्यापक-प्रशिक्षणाची याहून साधी आणि याहून परिणामकारक कल्पना आजही सहसा आढळत नाही. 1892 मध्ये त्यांनी तेथेच एक जुना मनोरा घेऊन त्याचे जिवंत संग्रहालय केले. पाहुण्यास प्रथम गच्चीवर नेऊन भोवतालचे शहर दाखवावयाचे आणि मग मजल्यामजल्याने खाली उतरत एडिंबरो, स्कॉटलंड, युरोप आणि अखेर सारे जग समजावून द्यावयाचे. जगाचे ज्ञान आपल्या गल्लीपासून सुरू होते, हे त्या जिन्यावरूनच कळे.

एडिंबरो विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचे अध्यासन दिले नाही. डंडी येथील महाविद्यालयात मात्र 1888 पासून 1919 पर्यंत ते त्या विषयाचे प्राध्यापक होते. वाचन, लेखन आणि गणित या शिक्षणाच्या रूढ त्रयीऐवजी हृदय, हात आणि मस्तक ही त्रयी त्यांनी मांडली, तीही याच क्रमाने. आधी आस्था, मग कृती, नंतर विचार. आपल्या विद्यापीठांत हा क्रम नेमका उलटा आहे, आणि पुष्कळदा तिसऱ्या पायरीवरून पहिल्या पायरीपर्यंत कोणी पोचतच नाही.

हिंदुस्थानात

1914 साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडिस हिंदुस्थानात आले. नगररचनेच्या प्रदर्शनाचे नकाशे आणि चित्रे मागाहून दुसऱ्या जहाजाने येत होती. ते जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. आयुष्यभराचा संग्रह समुद्रतळाशी गेला. मित्रांच्या मदतीने त्यांनी नवा संग्रह जमविला आणि 1915 च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरविले. 1917 साली याहून मोठे आघात झाले. थोरला मुलगा ॲलॅस्टर महायुद्धात पडला. पत्नी ॲना कलकत्त्यात तापाने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा ती बातमी तिला सांगितलीच गेली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत तीही गेली. एवढे झाल्यावरही त्यांनी काम सोडले नाही.

इंदूरच्या होळकर दरबारासाठी केलेले त्यांचे काम मराठी वाचकाने अवश्य जाणून घ्यावे. शहराला प्लेगने ग्रासले होते. नागरिकांना स्वच्छतेची व्याख्याने देण्याऐवजी गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक हाती घेतली. जे रस्ते आणि जी घरे अधिक झाडून-पुसून, डागडुजी करून सज्ज होतील, त्यांच्यावरून मिरवणूक जाईल असे जाहीर झाले आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांत चढाओढ लागली. मिरवणुकीत घाणीच्या राक्षसाचा आणि प्लेगच्या उंदराचा पुतळा होता, तो शेवटी जाळण्यात आला. स्वच्छ पोशाखातले, हार घातलेले सफाई कामगार मानाने चालत होते. घरोघर तुळशीची रोपे वाटली गेली. लोकांच्या सणातूनच लोकांना शिकविण्याचा हा प्रयोग म्हणजे सबंध शहराचा वर्ग होता. 1918 च्या त्यांच्या इंदूर अहवालात नियोजित विद्यापीठाचाही विचार आहे. परीक्षा घेणाऱ्या यंत्राऐवजी शहराच्या जीवनाशी जोडलेली संस्था त्यांना हवी होती.

1919 मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांच्या अध्यापनासाठी त्यांना पाचारण केले. देशातील समाजशास्त्राच्या विद्यापीठीय अध्यापनाचा आरंभ बहुधा येथूनच मोजला जातो. मुंबईत त्या वेळी काय चालले होते? 1896 च्या प्लेगनंतर स्थापन झालेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते कापीत होता आणि 1920 पासून विकास खात्याच्या चाळी उभ्या राहू लागल्या होत्या. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढण्याचा तो काळ होता. गेडिस यांची शिकवण अशी, की रेघ ओढण्यापूर्वी त्या गल्लीतून पायी चाला, विहीर कोठे आहे, सावली कोठे आहे, बायका बोलत कोठे बसतात ते पाहा. खोताची वाडी ही त्यांच्या पद्धतीचा जणू तयार धडाच आहे.

यश आणि अपयश

गेडिस यांचे गुणगान करून थांबणे सोपे आहे, पण प्रामाणिकपणाचे नाही. व्याख्याते म्हणून ते कच्चे होते. दाढीतल्या दाढीत पुटपुटत, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी घेत. मागच्या बाकांपर्यंत आवाज पोचत नसे आणि परीक्षेच्या दृष्टीने टिपणे काढणाऱ्याची तर निराशाच होई. मात्र ज्याला त्यांचा सहवास लाभला, त्याचे आयुष्य बदलले. एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृत शिकविणाऱ्या गोविंद सदाशिव घुर्ये या तरुणाने मुंबई या शहरावर लिहिलेला निबंध गेडिस यांना पसंत पडला आणि त्यांच्या शिफारशीने घुर्ये विलायतेस गेले. परतल्यावर 1924 मध्ये त्यांनी विभागाची धुरा घेतली. घुर्ये मूलतः ग्रंथांचे अभ्यासक होते. तरीही इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास यांच्यासारखी गावोगाव हिंडणारी माणसे त्यांच्याच विद्यार्थ्यांतून निघाली, आणि स्वतः घुर्ये यांनी 1960 साली पुण्याजवळील लोणीकंदचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्या गावाची पहिली पाहणी सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी झाली होती.

गेडिस मात्र 1924 मध्ये प्रकृतीच्या कारणाने मुंबई सोडून गेले. दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी नवी संस्था उभारली आणि 17 एप्रिल 1932 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. मुंबईत विभाग राहिला, पण उन्हाळी संमेलन राहिले नाही. माणूस गेला की पद्धत जाते, कारण ती पद्धत दुसऱ्या प्राध्यापकांच्या अंगवळणी पाडण्याची व्यवस्था झाली नव्हती. त्यांच्या अपयशातला खरा धडा हा आहे, आणि तो आपण अद्याप गिरविलेला नाही.

1986 च्या शिक्षण धोरणानंतर प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी विद्यापीठांतून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली. पुढे त्यांची नावे बदलली, आणि 2023 पासून मालवीय अभियानाखाली हे प्रशिक्षण चालते. मी अशा एका चार आठवड्यांच्या वर्गाला बसलो होतो. व्याख्यानपद्धती कशी कालबाह्य झाली आहे यावर तेथे आम्ही सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत व्याख्याने ऐकली. खोलीच्या बाहेर एकदाही पाऊल पडले नाही. प्रमाणपत्र मिळाले आणि पदोन्नतीला उपयोगी पडले. मी त्या व्याख्यात्यांना दोष देत नाही, कारण त्यांनाही तसेच शिकविण्यात आले होते.

एका तुकडीत शंभरावर विद्यार्थी, तासिका तत्त्वावरचे सहकारी, जून ते एप्रिल परीक्षांचा फेरा, या अडचणी खऱ्या आहेत. म्हणूनच थोडक्यातच सांगतो. प्रशिक्षणाच्या चार आठवड्यांपैकी एक आठवडा प्राध्यापकांनी स्वतः एखाद्या वाडीची, बाजाराची वा गावाची पाहणी करावी. छापील प्रश्नावली शेवटच्या दिवसापर्यंत हाती घेऊ नये. आपले चुकीचे अंदाज एकमेकांपुढे वाचून दाखवावेत. आणि नंतर विद्यार्थ्यांबरोबर घालविलेला क्षेत्रपाहणीचा वेळ कार्यभारात तासिकेप्रमाणे मोजला जावा. यास इमारत लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. अन्यथा क्षेत्रप्रकल्प म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून बांधून आणलेली आणखी एक वही होईल, आणि ती तशी होऊ लागल्याचे प्रत्येक प्राध्यापक खासगीत कबूल करतो.

यंदा मी पुन्हा खोताच्या वाडीत गेलो, या वेळी एकटाच, प्रश्नावलीवाचून. तीन रविवार नुसता हिंडलो. त्या मोडक्या जिन्याच्या घराशी थांबलो, बोललो, आणि भाडेनियंत्रणाविषयी वीस वर्षे मी जे शिकवीत होतो त्यातील निम्मे मलाच नीट कळले नव्हते हे ध्यानात आले. पुढच्या सत्रात विद्यार्थी माझ्याबरोबर येतील. तोवर ते घर उभे असावे एवढीच इच्छा आहे.