भोवऱ्यांचे गणित मांडणारा बेरेझिन्स्की

अतिशय पातळ थरात पदार्थाचे कण शिस्तीने एका दिशेला तोंड करून उभे राहू शकतात का? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाने भौतिकशास्त्रज्ञांना सतावले होते. कणांना थराच्या पातळीत कोणत्याही दिशेला वळण्याची मुभा असेल, तर थोडीशी उष्णताही संपूर्ण शिस्त मोडून काढते, असे १९६६ मध्ये गणिताने सिद्ध झाले. त्यामुळे अशा थरात अवस्थांतर संभवतच नाही, असा अनेकांचा समज झाला. या समजाला छेद दिला वादिम बेरेझिन्स्की या सोव्हिएत शास्त्रज्ञाने.

१९३५ मध्ये कीव्ह येथे जन्मलेल्या बेरेझिन्स्की यांनी १९५९ मध्ये मॉस्को विद्यापीठातून पदवी घेतली. त्यानंतरची सुमारे दोन दशके सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या मुख्य केंद्रांपासून दूर, तांत्रिक संस्थांमधील नोकरीत गेली. तेथे असतानाच १९७० आणि १९७१ मध्ये त्यांचे दोन ऐतिहासिक शोधनिबंध रशियन भाषेत प्रसिद्ध झाले.

थरातील प्रत्येक कण म्हणजे एक बाण, अशी कल्पना करावी. एखाद्या बिंदूभोवती हे बाण क्रमाने पूर्ण वळसा घेतात, तेव्हा भोवरा तयार होतो. शेजारचे बाण थोडेथोडे वळवून तो पुसता येत नाही. विरुद्ध फिरणारा भोवरा भेटला, तरच दोघे नष्ट होतात. टोपोलॉजी म्हणतात ती हीच. कमी तापमानात असे परस्परविरोधी भोवरे जोडीने राहतात. बाणांची शिस्त अंतरागणिक सावकाश क्षीण होते, पण कोलमडत नाही. विशिष्ट तापमानाला जोड्या फुटतात, भोवरे मोकाट सुटतात आणि शिस्त विस्कटते.

ब्रिटनमध्ये डेव्हिड थाउलेस आणि मायकेल कोस्टरलिट्झ हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले. १९७८ मध्ये अतिप्रवाही हेलियमच्या पातळ थरावरील प्रयोगाने सिद्धांताला पुष्टी मिळाली.

मॉस्कोजवळच्या प्रख्यात लांडाऊ संस्थेत बेरेझिन्स्की यांना १९७७ मध्ये स्थान मिळाले. पण अवघ्या तीन वर्षांनी, १९८० मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये थाउलेस, कोस्टरलिट्झ आणि डंकन हाल्डेन यांना नोबेल पुरस्कार जाहीर झाला. मरणोत्तर नोबेलसाठी निवड होत नसल्याने बेरेझिन्स्की त्या मानाला मुकले. मात्र भौतिकशास्त्रात हे अवस्थांतर तिघांच्या नावाने ओळखले जाते, आणि त्यात पहिले नाव बेरेझिन्स्की यांचेच आहे.