छोट्या पडद्याला हँडल बसवणारे इबुका

दूरचित्रवाणीला मराठीत ‘छोटा पडदा’ म्हणण्याची पद्धत रूढ झाली ती चित्रपटगृहातील पडद्याशी तुलना करून. प्रत्यक्षात १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी कारखानदारांची चढाओढ चालली होती ती हा पडदा अधिकाधिक मोठा करण्याची. दिवाणखान्यातील जड संच एकदा कोपऱ्यात ठेवला की घरातली माणसे त्याच्याभोवती जमत. संच माणसांकडे जात नसे. तो हातात धरून उचलता यावा, मोटारीत ठेवता यावा आणि विजेची तार नसलेल्या जागीही चालावा, असा आग्रह त्या काळात धरला तो टोकियोतील मासारू इबुका या अभियंत्याने. सोनी म्हटले की जगाला अकिओ मोरिता आठवतात. मोरिता बोलके, प्रवासी आणि विक्रीच्या कलेत निष्णात. इबुका त्यांच्या सावलीत राहिले, पण काय बनवायचे हे बहुतेक वेळा त्यांनीच ठरवले.

इबुका यांचा जन्म ११ एप्रिल १९०८ रोजी जपानमधील निक्को येथे झाला. तांबे शुद्धीकरणाच्या कारखान्यात काम करणारे वडील ते अगदी लहान असतानाच वारले आणि त्यांच्या बालपणाचा बराच काळ आजोबांच्या छायेत गेला. वासेदा विद्यापीठातून ते १९३३ साली अभियंता झाले. निऑन दिव्याच्या प्रकाशासंबंधीच्या त्यांच्या विद्यार्थिदशेतील शोधाला पॅरिसच्या प्रदर्शनात पारितोषिकही मिळाले. पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाशी संबंधित प्रयोगशाळा, मग मोजमापाची उपकरणे बनवणारी कंपनी असा त्यांचा प्रवास झाला. महायुद्धाच्या काळात लष्करी संशोधनाच्या एका समितीत त्यांची गाठ नौदलाचे तरुण तांत्रिक अधिकारी असलेल्या मोरितांशी पडली. दोघांच्या वयात जवळपास तेरा वर्षांचे अंतर होते, तरी मैत्री जमली.

१९४५च्या शरद ऋतूत, पराभूत आणि बेचिराख टोकियोतील शिरोकिया या दुकानाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर इबुकांनी मूठभर सहकाऱ्यांसह कार्यशाळा थाटली. जुन्या रेडिओवर लघुलहरी ऐकता याव्यात यासाठीची जोडणी ते करून देत. ‘आसाही’ या दैनिकात या उद्योगाबद्दल छोटीशी बातमी आली, ती गावी असलेल्या मोरितांच्या वाचनात आली आणि तुटलेला धागा पुन्हा जुळला. वृत्तपत्रातील चार ओळींनी काय घडू शकते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हा बातमीदारांना तरी ठाऊक नाही. ७ मे १९४६ रोजी दोघांनी स्थापन केलेली कंपनी १९५८मध्ये सोनी या नावाने ओळखली जाऊ लागली. आरंभीच्या उद्योगांत लाकडी पिंपात अॅल्युमिनियमच्या पट्ट्या बसवून केलेला विजेवरचा भात शिजवण्याचा यंत्रप्रयोगही होता. भात कधी कच्चा राही, कधी त्याचा गोळा होई. तो नाद सोडावा लागला.

१९५२ साली इबुका अमेरिकेला गेले असता ट्रान्झिस्टरचे हक्क मिळू शकतात, हे त्यांना समजले. त्याचा उपयोग श्रवणयंत्रापलीकडे फारसा नाही, असा तेव्हाचा समज होता. इबुकांनी त्याचा रेडिओ करायचे ठरवले आणि १९५५मध्ये तो बाजारात आणला. आपल्याकडे पुढे त्या रेडिओलाच ‘ट्रान्झिस्टर’ म्हणू लागले.

रेडिओ खिशात आला, मग दूरचित्रवाणी का नको? हा प्रश्न विचारायला सोपा होता. व्हॉल्व्हवर चालणाऱ्या संचाला इतकी वीज लागे की बॅटरीवर तो चालवणे व्यवहार्य नव्हते. ट्रान्झिस्टरला वीज कमी लागते. परंतु पडद्यावर चित्र उमटवण्यासाठी इलेक्ट्रॉनचा झोत सेकंदाला पंधरा हजारांहून अधिक वेळा डावीकडून उजवीकडे फिरवावा लागतो. त्या वेगाने उच्च दाबाची वीज हाताळणारे ट्रान्झिस्टर तयार मिळत नव्हते आणि जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर तापले की बिघडत. त्यामुळे हवे ते ट्रान्झिस्टर इबुकांच्या सहकाऱ्यांना स्वतःच घडवावे लागले, आणि त्यासाठी सिलिकॉनकडे वळावे लागले. अमेरिकेतील फिल्को कंपनीने १९५९ साली ट्रान्झिस्टरवरचा संच काढला होता, पण त्यातील चिमुकले चित्र भिंगाने मोठे करून पाहावे लागे. काचेवर थेट चित्र दाखवणारा, पूर्णतः ट्रान्झिस्टरवर चालणारा पहिला संच मे १९६०मध्ये सोनीने विक्रीस आणला. आठ इंची पडदा, २३ ट्रान्झिस्टर, सुमारे सहा किलो वजन, उचलण्यासाठी हँडल आणि किंमत ६९,८०० येन. घरात तो भिंतीतल्या विजेवर चाले, बाहेर बारा व्होल्टच्या बॅटरीवर.

बारा व्होल्ट हा आकडा महाराष्ट्रातील वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. १९८०च्या दशकात रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू व्हायच्या वेळेलाच वीज गेली की ट्रॅक्टरची किंवा मोटारीची बॅटरी घरात आणून कृष्णधवल संचाला जोडणारी गावे आपल्याकडे होती. ते संच सोनीचे नव्हते. पण असा संच मोटारीच्या बॅटरीवर चालतो, ही सोय ट्रान्झिस्टरनेच दिली होती.

पहिला संच मात्र यशस्वी ठरला नाही. तो महाग होता आणि वारंवार नादुरुस्त होई. दुसरा कोणी असता तर मोठ्या पडद्याकडे वळला असता. इबुकांनी पुढचा संच आणखी लहान केला. १९६२मध्ये आलेल्या त्या संचाचा पडदा पाच इंचांचा आणि वजन चार किलोंहून कमी होते. एवढासा पडदा अमेरिकेत कोण घेणार, अशी शंका तिथले जाणकार घेत होते. ऑक्टोबर १९६२मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरील नव्या दालनात तो मांडला गेला आणि बघ्यांची रीघ लागली. घरात मोठा संच असलेली माणसेच दुसरा, स्वतःपुरता संच घेऊ लागली. एका घरात एकच पडदा, ही समजूत तिथे प्रथम डळमळली.

हाच हट्ट अंगाशीही आला. रंगीत चित्रासाठी सगळे ज्या तंत्राने जात होते ते टाळून इबुकांनी क्रोमॅट्रॉन नावाची अवघड चित्रनलिका निवडली. १९६५मध्ये बाजारात आलेल्या या संचाच्या निर्मितीला सुमारे चार लाख येन खर्च येई आणि तो १,९८,००० येनला विकला जाई. कंपनी डबघाईच्या उंबरठ्यावर पोहोचली. इबुकांनी जबाबदारी इतरांवर न टाकता संशोधनाचे नेतृत्व स्वतःकडे घेतले. १९६८मध्ये ट्रिनिट्रॉन जन्माला आली तेव्हा कुठे कंपनी सावरली. तिचा पहिला संचही तेरा इंचीच होता. पाच इंची पडद्याबद्दल इबुकांची दूरदृष्टी वाखाणायची आणि क्रोमॅट्रॉनबद्दल त्यांना दोष द्यायचा, हे आम्हाला पटत नाही. दोन्ही निर्णय एकाच स्वभावाचे होते.

कारखान्याबाहेरचे इबुका फारसे कोणाला ठाऊक नाहीत. त्यांच्या एका मुलीला बौद्धिक अपंगत्व होते. अशा मुलांसाठीच्या कामाला त्यांनी आधार दिला आणि पुढे बालशिक्षण हाच त्यांचा ध्यास झाला. बालवाडीत जाईपर्यंत फार उशीर झालेला असतो, असे प्रतिपादन करणारे त्यांचे १९७१चे पुस्तक जपानबाहेरही पोहोचले. त्याच वर्षी ते कंपनीच्या अध्यक्षपदावरून बाजूला झाले, पण हौस सुटली नाही. लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकता यावे म्हणून त्यांनी हलके यंत्र मागितले, त्यातून १९७९चा वॉकमन आला. १९८२ साली तळहातात मावणारा दोन इंची पडद्याचा वॉचमन निघाला. त्यात इलेक्ट्रॉनचा झोत पडद्याच्या मागून न सोडता खालून वळवून आणला होता, त्यामुळे संच पुस्तकासारखा चपटा झाला.

१९९२मध्ये जपानने त्यांना संस्कृतीविषयक सर्वोच्च सन्मान दिला. १९ डिसेंबर १९९७ रोजी टोकियोत त्यांचे निधन झाले. जपानच्या बहुतेक भागांतील जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण २४ जुलै २०११ रोजी बंद झाले. इबुकांचे सहा किलोंचे संच संग्राहकांकडे जपलेले आहेत. त्यांतले काही सुरूही होतात, मात्र त्यांच्या एरियलला पकडण्यासारखे आता काही नाही.