भागाकाराच्या कोड्याला 'रंग' देणारे भास्कराचार्य

चाळीसगाव : गणितात शाब्दिक उदाहरण आलं की भल्याभल्या पोरांची बोबडी वळते. त्यात भागाकार असला तर विचारूच नका. पण अशा कोड्याचं समीकरण कसं मांडायचं हे पावणेनऊशे वर्षांपूर्वी शिकवणाऱ्या भास्कराचार्यांचं नातं आपल्याच तालुक्यातील पाटण गावाशी आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके 1036, म्हणजे इ.स. 1114 चा. गाव विज्जलवीड, सह्याद्रीच्या कुशीतलं. ते नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या 36 व्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

'बीजगणिता'त एक कोडं आहे. अशी संख्या कोणती, जिला 6 ने भागलं तर 5 उरतात, 5 ने भागलं तर 4, 4 ने भागलं तर 3 आणि 3 ने भागलं तर 2? इथं संख्या माहीत नाही आणि भागाकारही माहीत नाहीत. भास्कराचार्यांची रीत अशी, की जे माहीत नाही त्याला आधी नाव द्या. संख्या म्हणजे 'यावत्‌-तावत्‌', भागाकार म्हणजे कालक, नीलक, पीतक असे रंग. मग भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी बरोबर संख्या, असं प्रत्येक वाक्याचं समीकरण होतं. आज पोरं क्ष आणि य लिहितात, तेच हे.

उत्तर पडताळायला सोपं आहे. दर वेळी बाकी भाजकापेक्षा एकनेच कमी. म्हणजे संख्येत 1 मिळवला की 6, 5, 4, 3 या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो. अशी लहानात लहान संख्या 60. त्यातून 1 वजा केला की उत्तर 59.

म्हातारपणीही आचार्यांची लेखणी थांबली नाही. 69 व्या वर्षी, 1183 मध्ये, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिलं.

पुढं नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला निकुंभ घराण्यातील सोइदेवानं त्याला दान दिलं. गावात विकल्या जाणाऱ्या मालावरचा जो कर राजाकडं जायचा, तो मठाला लावून दिला. हे सगळं पाटणच्या शिलालेखात आहे, त्यातला काही मजकूर तर चक्क जुन्या मराठीत. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढं आणला.

थोडक्यात, पाटणच्या बाजारात घासाघीस करून माल घेणाऱ्या साध्या माणसांच्या पैशावर बीजगणिताची शाळा चालली. आज घरातलं पोर शाब्दिक उदाहरणाला घाबरत असेल तर त्याला 59 चं कोडं जरूर घालावं. आधी नाव द्यायचं आणि मग समीकरण मांडायचं, एवढंच सांगावं.