ट्राम येण्याआधी हललेली वेधशाळा

ईसीजीच्या कागदावर कधी कधी हृदयाच्या ठोक्यांची रेघ स्वच्छ येत नाही. तिला करवतीसारखे बारीक, एकसारखे दाते फुटलेले दिसतात. हा आजार नव्हे. आपल्या घरातली वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते, आणि तिची छाया त्या रेघेवर पडलेली असते. हृदयाचा विद्युत संदेश त्वचेवर पोहोचतो तेव्हा एक मिलिव्होल्टच्या आसपास असतो, भिंतीतल्या तारेत मात्र २३० व्होल्ट. ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणमध्ये एका बाजूला लोकलच्या तारा, दुसरीकडे गच्चीवरचे मोबाइल टॉवर, खाली इन्व्हर्टर आणि लिफ्ट. या गर्दीत हृदयाची कुजबुज ऐकायची म्हणजे बाजारात नाडी मोजण्यासारखेच!

एका यंत्राच्या विजेने दुसऱ्या यंत्राचे मोजमाप बिघडते, याला विद्युतचुंबकीय व्यत्यय म्हणतात. रुग्णालयात आज हा रोजचा विषय आहे. पण ईसीजी यंत्र मुंबईत पोहोचण्याआधीच एका मुंबईकर शास्त्रज्ञाने हा धोका ओळखला आणि वेळेत त्यावर उपाय केला. त्यांचे नाव डॉ. नानाभाई आर्देशर फ्रामजी मूस.

मूस यांचा जन्म १८५९ सालचा, मुंबईच्या पारशी समाजातला. शिक्षण मुंबई-पुण्यात आणि पुढे एडिंबरा विद्यापीठात झाले. परत आल्यावर त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवले. १८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मांडवीत प्लेग उतरला होता आणि माणसे शहर सोडून चालली होती. वेधशाळेतल्या नोंदी मात्र चालू राहिल्या.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. सुरुवातीचे काम आकाशाचे वेध आणि जहाजांसाठी अचूक वेळ हे होते. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप सुरू झाले, आणि १८४६ पासून सलग नोंदी मिळू लागल्या. यंत्र दिसायला साधे. बारीक धाग्याला टांगलेले चुंबक, त्यावर छोटा आरसा आणि आरशावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा किरण. पृथ्वीचे चुंबकत्व जरा बदलले की आरसा किंचित वळतो आणि किरण सरकतो. पुढे हा किरण फिरत्या फोटोच्या कागदावर टिपला जाऊ लागला. थोडक्यात, तो पृथ्वीचा ईसीजीच.

या नोंदींचे मोल किती, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या प्रचंड उद्रेकाने पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. त्या वादळात कुलाब्याच्या नोंदीत चुंबकत्वाची आडवी पातळी सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली गेलेली आहे. एरवी दिवसभरातला नेहमीचा चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचाच असतो. आज उपग्रह आणि वीजवाहिन्या सूर्याच्या माऱ्यात कितपत टिकतील याचा अंदाज बांधताना शास्त्रज्ञ याच नोंदीकडे वळतात.

मूस यांच्या कारकिर्दीत या मालिकेवर संकट आले ते प्रगतीच्या रूपाने. मुंबईत घोड्यांच्या ट्राम होत्या. त्या जाऊन विजेच्या ट्राम येणार असे ठरले. शहराला आनंद झाला, पण वेधशाळेला तो मृत्युघंटेसारखा होता. ट्रामला वीज वरच्या तारेतून मिळते आणि रुळांतून परत जाते. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असेल तर दोघांचे चुंबकीय परिणाम बरेचसे एकमेकांना खोडतात. पण रूळ जमिनीवरच असतात. त्यातला काही प्रवाह मातीत झिरपतो, पाण्याच्या नळांतून वाट काढतो, आणि हिशेब चुकतो. एकट्या तारेतून १०० अँपिअर प्रवाह गेला तर १०० मीटरवर सुमारे २०० नॅनोटेस्लांचा परिणाम होतो. म्हणजे ट्राम सुरू झाली, थांबली की कुलाब्याचा आरसा हलणार. मग सूर्याचे वादळ कोणते आणि ट्रामचा झटका कोणता, हे कसे ओळखणार?

परदेशात हे घडून गेले होते. टोरांटोची चुंबकीय वेधशाळा विजेच्या ट्राममुळे १८९८ मध्ये गावाबाहेर अ‍ॅजिनकोर्टला न्यावी लागली. लंडनजवळच्या क्यू येथील काम पुढे स्कॉटलंडमध्ये एस्कडेलम्यूरला गेले. ट्राम थांबवणे कोणाच्या हातात नव्हते, योग्यही नव्हते. शहराला वाहन हवेच होते. मग हलायचे कोणी? मोजणाऱ्याने.

मूस यांनी अलिबाग निवडले. कुलाब्यापासून सुमारे ३० किलोमीटर, मध्ये समुद्र. हवामान जवळजवळ तेच आणि विजेची वाहने नाहीत. वेधशाळेची इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळण्यात आले. एक खिळा जरी चुकून लोखंडी राहिला तरी मोजमापात खोट येते.

पण त्यांची खरी दूरदृष्टी जागेपेक्षा पद्धतीत होती. कुलाबा बंद करून अलिबाग सुरू केले असते तर साठ वर्षांची मालिका तिथेच तुटली असती. जागा बदलली की पातळी बदलते, मग जुना आकडा नव्याशी जुळत नाही. म्हणून १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. दोन्ही जागांमधला फरक नेमका कळल्यावरच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली ती १९०७ च्या मे महिन्यात. एखाद्या प्रयोगशाळेत नवे यंत्र आले की काही काळ जुन्या यंत्रावरही तेच नमुने तपासतात, त्याचे कारण हेच आहे.

पुढे मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी तपासून, विश्लेषणासह १९१० मध्ये प्रसिद्ध केल्या. चुंबकीय वादळ कसे उठते, कसे खाली जाते आणि किती हळू सावरते याचा अभ्यास त्यात आहे. भूकंपमापनाच्या कामातही त्यांचा वाटा होता. १८९८ मध्ये कुलाब्याला मिल्न पद्धतीचे भूकंपमापक यंत्र बसले ते त्यांच्याच काळात. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर विजेच्या लोकल धावू लागल्या होत्या आणि ठाकुर्लीला रेल्वेच्या विजेसाठी चोळा वीजगृह उभे होते. कुलाब्यात राहून चुंबकत्व मोजणे आता शक्यच नव्हते.

मूस यांच्यापुढचा प्रश्न आज प्रत्येक अतिदक्षता विभागात आहे. फरक इतकाच, की रुग्णाला अलिबागला हलवता येत नाही. म्हणून एमआरआयची खोली चहूबाजूंनी धातूच्या आवरणात बंद करतात. वैद्यकीय उपकरणे विकण्यापूर्वी दोन गोष्टी तपासतात. यंत्र बाहेर किती व्यत्यय सोडते आणि बाहेरचा व्यत्यय किती सोसते. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी मोबाइल त्या बाजूच्या खिशात ठेवू नये. तो पेसमेकरपासून निदान १५ सेंटिमीटर दूर असावा आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा. ईसीजी काढताना हात-पाय सैल सोडावेत, मोबाइल आणि घड्याळ बाजूला ठेवावे. रेघेला दाते दिसले तर घाबरू नये, तपासणी पुन्हा करून घ्यावी.

मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला थांबली. अलिबागच्या नोंदी मात्र अजून चालू आहेत.