विश्लेषण : अंजनगाव सुर्जीचा तह करणारा वेलस्ली तीनदा मारा लागूनही कसा वाचला?

अंजनगाव सुर्जीच्या छावणीत ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे यांच्या वकिलांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. कंपनीच्या वतीने तो करणारा मेजर जनरल आर्थर वेलस्ली तेव्हा अवघा ३४ वर्षांचा होता. वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. लढायांमध्ये त्याला तीनदा मारा लागला, पण एकदाही तो जिवावर बेतला नाही. यात नशिबाचा भाग होताच. पण त्या काळच्या बंदुकीचा पल्ला किती तोकडा होता, हेही त्यातून कळते.

श्रीरंगपट्टणला काय घडले?

१७६९ मध्ये आयर्लंडमधील सरदार घराण्यात जन्मलेला वेलस्ली १७९७ मध्ये हिंदुस्थानात आला. वर्षभरात थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल झाला आणि धाकट्याला संधी मिळत गेल्या. एप्रिल १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणजवळच्या सुलतानपेठच्या आमराईवर रात्री केलेला त्याचा हल्ला मात्र पुरता फसला. टिपूच्या सैनिकांचे अग्निबाण आणि गोळ्या अंधारातून येत होत्या. एक गोळी त्याच्या गुडघ्यावर बसली, पण जोर ओसरलेला असल्याने मुका मार लागण्यावर निभावले.

गोळीचा जोर का ओसरतो?

तेव्हाच्या मस्केटची नळी आतून गुळगुळीत असे आणि शिशाची गोल गोळी तिच्यात जरा सैल बसे. बार उडाला की ती नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि वाटेल तशी गिरकी घेई. शंभर मीटरपुढे नेम धरण्यात अर्थ नसे. गोल आकाराला हवेचा विरोधही फार. पहिल्या दोन-अडीचशे मीटरमध्येच वेग निम्म्यावर येई. त्यात गुरुत्वाकर्षण गोळीला पहिल्याच सेकंदात सुमारे पाच मीटर खाली ओढते. म्हणून दुरून आलेली गोळी लागली तरी अनेकदा हाड मोडत नसे.

तोफेचा गोळा वेगळा. तो जड असल्याने वेग टिकवून धरतो आणि जमिनीवर टप्पे खात रांगाच्या रांगा कापतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंद्यांच्या तोफांनी कंपनीचे दीड हजारांहून अधिक लोक ठार-जखमी केले. वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचे डोके गोळ्याने उडाले. त्याचा स्वतःचा एक घोडा गोळी लागून पडला, दुसऱ्याला भाला लागला.

वऱ्हाडात काय झाले?

२९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील आडगाव येथे पुन्हा गाठ पडली. असईत टिकलेल्या शिपायांच्या पलटणी इथे सुमारे हजार यार्डांवरून तोफा धडाडताच पळू लागल्या. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना सावरले आणि पुन्हा रांगेत उभे केले. संध्याकाळी लढाई संपली तेव्हा ३८ तोफा कंपनीच्या हाती होत्या.

मग पाळी गाविलगडाची. दक्षिणेच्या चढावर लोखंडी तोफा चढवता आल्या नाहीत आणि पितळी तोफांनी तटाला फारसे काही झाले नाही. उत्तरेला मात्र स्टीव्हन्सनच्या तुकडीने सातपुड्याच्या डोंगरातून वाट काढत जड तोफा तटासमोर आणल्या. खरे कष्ट या वाटेचे होते. तोफा जवळ आल्यावर तट दोन दिवसांतच फुटला. १५ डिसेंबरला किल्ला पडला आणि किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला.

दोनच दिवसांनी देवगावला नागपूरकर भोसल्यांनी तह केला. कटक कंपनीकडे आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला. गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडे राहिले. अंजनगावच्या तहाने शिंद्यांना गंगा-यमुनेचा दुआब, भडोच आणि अहमदनगरचा किल्ला गमवावा लागला. वऱ्हाडचा मालक असा वऱ्हाडच्या माणसाला न विचारता बदलला.

युरोपात वेलस्लीने काय केले?

स्पेनमध्ये त्याच्या हाताशी बेकर रायफलवाले नेमबाज होते. या बंदुकीच्या नळीत वळणदार खाचा असल्याने गोळी एका दिशेने फिरत जाई आणि दोनशे यार्डांपर्यंत नेम लागे. भरायला मात्र वेळ लागे, म्हणून बहुतेक पायदळाकडे मस्केटच राहिली. १८१२ मध्ये सालामांका येथे पुन्हा एक दमलेली गोळी त्याच्या मांडीला लागली. १८१४ मध्ये ओर्थेझ येथे तलवारीच्या मुठीने मार झेलला आणि कमरेला दुखापत झाली. वॉटर्लूवर त्याने बरेचसे सैन्य टेकाडाच्या पलीकडल्या उतारावर ठेवले. सपाट मार्गाने येणारे गोळे डोक्यावरून जात आणि पावसाने भिजलेल्या चिखलात अनेक रुतून बसत. त्याच्याजवळ उभा असलेला सचिव फिट्झरॉय सॉमरसेट मात्र गोळी लागून उजव्या हाताला मुकला.

नंतर पंतप्रधान झालेला वेलस्ली म्हातारपणी पुन्हा सरसेनापती होता. १८५१ मध्ये त्याच्याच संमतीने ब्रिटिश सैन्यात मिनिए रायफल आली. तिची टोकदार गोळी बार होताच फुगून खाचांत घट्ट बसे, त्यामुळे भरणे सोपे झाले आणि पल्ला काही शे यार्डांवर गेला. आजच्या लष्करी रायफलीची गोळी तर तीन किलोमीटरपलीकडे जाऊ शकते. सरावाच्या मैदानामागे मातीचा उंच बांध घालतात तो यासाठीच. चुकलेली गोळी थांबवायची कशी, हा प्रश्न नेमाइतकाच मोठा आहे; लग्नात हवेत बार काढणाऱ्यांना तो पडत नाही.

वेलस्ली १८५२ मध्ये वारला. दोन वर्षांनी क्रिमियात मिनिए रायफलींनी लढलेल्या ब्रिटिश फौजेचा सेनापती होता लॉर्ड रॅग्लन, म्हणजेच वॉटर्लूवर हात गमावलेला सॉमरसेट.