विश्लेषण : पाऱ्याच्या गोळ्या, विनोदाची पुस्तके आणि मित्राचे घर... अब्राहम लिंकन नैराश्याशी कसे लढले?

अमेरिकेचे १६ वे अध्यक्ष अब्राहम लिंकन म्हटले की यादवी युद्ध आणि गुलामगिरीविरोधातील लढा आठवतो. मात्र तारुण्यापासून त्यांची आणखी एक लढाई सुरू होती, ती नैराश्याशी. आजच्यासारखी औषधे आणि समुपदेशन नसलेल्या काळात त्यांना आधार कशाचा होता?

दुःखाची सुरुवात कुठून?

लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकीत झाला. ते नऊ वर्षांचे असताना आई गेली. १८२८ मध्ये बहीण सारा बाळंतपणात दगावली. ऑगस्ट १८३५ मध्ये न्यू सालेम गावात त्यांच्या जवळची तरुणी अ‍ॅन रटलेज तापाने गेली आणि ते कोलमडले. जिवाचे काही बरेवाईट करतील या भीतीने गावकऱ्यांनी त्यांच्यावर लक्ष ठेवले. शेजारी बोलिंग ग्रीन आणि त्यांच्या पत्नीने त्यांना काही काळ घरी नेऊन सांभाळले.

१८४१ मध्ये काय घडले?

मेरी टॉड यांच्याशी ठरलेले लग्न मोडले आणि जानेवारी १८४१ मध्ये दुसरा तीव्र झटका आला. मित्र जोशुआ स्पीड यांनी त्यांच्या खोलीतून वस्तरे आणि चाकू हलवले. डॉ. अ‍ॅन्सन हेन्री उपचार करत होते. हे डॉक्टर स्प्रिंगफिल्डमध्येच राहावेत म्हणून त्यांना तिथले पोस्टमास्तरपद मिळवून द्यावे, असे पत्र लिंकन यांनी वकिलीतील भागीदाराला पाठवले. उन्हाळ्यात ते लुईव्हिलजवळ स्पीड कुटुंबाच्या शेतावर काही आठवडे राहिले. मोकळी हवा, गप्पा आणि घरचे जेवण यांनी ते सावरले. अर्थात, त्या शेतावर राबणारे हात गुलामांचे होते.

पुढच्याच हिवाळ्यात स्पीड स्वतःच्या लग्नाआधी चिंतेने खचले. तेव्हा लिंकन यांनी त्यांना धीराची पत्रे लिहिली. खराब हवा, रिकामपण आणि मित्रांपासून दुरावा यांमुळे मन अधिक खचते, असे त्यांनी समजावले. त्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १८४२ रोजी, लिंकन आणि मेरी यांचेही लग्न झाले.

पाऱ्याच्या गोळ्यांचे प्रकरण काय?

‘ब्ल्यू मास’ या पारा असलेल्या गोळ्या तेव्हा उदासीनतेसह अनेक तक्रारींवर दिल्या जात. लिंकनही त्या घेत. त्यांनी चिडचिड होते असे लक्षात आल्याने १८६१ मध्ये, अध्यक्ष झाल्यावर काही महिन्यांत, त्यांनी त्या बंद केल्या. संशोधकांनी जुन्या कृतीनुसार ही गोळी पुन्हा तयार करून तपासली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, तिच्यातील पारा आजच्या सुरक्षित मर्यादेपेक्षा कित्येक पट जास्त होता.

अध्यक्षपदी आधार कशाचा?

फेब्रुवारी १८६२ मध्ये ११ वर्षांचा मुलगा विली गेला. युद्ध सुरूच होते. त्या वर्षापासून उन्हाळ्यात लिंकन व्हाइट हाऊसपासून काही मैलांवरच्या, शांत टेकडीवरील सोल्जर्स होममध्ये राहू लागले. तिथून ते रोज घोड्यावरून कामावर येत. नाटके आणि विनोदी पुस्तके हा विरंगुळा होता. २२ सप्टेंबर १८६२ रोजी गुलामांच्या मुक्तीचा मसुदा मंत्रिमंडळापुढे मांडण्याआधी त्यांनी आर्टेमस वॉर्ड यांचा विनोदी लेख वाचून दाखवला होता.

आज यातून काय घ्यावे?

यांपैकी कशानेही लिंकन पूर्ण बरे झाले नाहीत. १८६५ मध्ये हत्या होईपर्यंत उदासी त्यांच्यासोबत होती. मात्र माणसांची सोबत, हालचाल, हसू आणि काम यांनी त्यांना उभे ठेवले. आजचे डॉक्टरही व्यायाम, ध्यान किंवा संगीत सुचवतात, पण उपचारांना जोड म्हणून. लिंकन यांनी सोडले ते विष होते. आजची औषधे चाचण्यांतून आलेली असतात, त्यामुळे ती डॉक्टरांना न विचारता बंद करणे धोक्याचे ठरते. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. १८३५ आणि १८४१ मध्ये लिंकन वाचले, कारण आसपासच्या माणसांनी त्यांना एकटे सोडले नाही.

(नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार येत असल्यास ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर संपर्क साधा.)